आखाजीला काय करायचं नाही

इरा, ओम,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. इरा, तू म्हणालीस, "आजी, सण जवळ आला की आई कुणाशी धड बोलत नाही. दिवाळीत तसंच झालं, डिसेंबरच्या सुट्टीत तसंच. तू एवढे सण केलेस, तू शांत कशी राहायचीस?" आणि ओम, तू मागून ओरडलास, "पॉइंट्समध्ये सांग, आजी!" मी हसले आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर मी शांत राहायचेच नाही. जे काही शिकले ते फार उशिरा, एका उन्हाळ्यात शिकले, आणि ते पॉइंट्समध्ये बसत नाही.

आज सकाळी भाजी आणायला निघाले तर इथे धुळ्याला, देवपूरच्या रस्त्याकडेला कुंभारांनी घागरी मांडलेल्या. लालसर, कोऱ्या, एकीवर एक रचलेल्या, मध्ये गवताच्या पेंढ्या. शेजारच्या गाडीवर लहान लहान खरबुजं. आखाजी आली. मग घरी येऊन पंखा लावला, टेबल पुसलं आणि म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

तुमच्या कॅलेंडरवर ती अक्षय्य तृतीया असते, आणि सोन्याच्या जाहिरातींमुळे तुम्हाला ठाऊक असते. आमच्या खानदेशात ती आखाजी. इथल्या बायकांना विचाराल तर दिवाळीपेक्षा मोठी, कारण आखाजीला सासरी गेलेली मुलगी माहेरी येते. शेतं उघडी पडलेली असतात, कामं थांबलेली असतात. ऊन असं, की दुपारी रस्त्यावर सावलीसुद्धा दिसत नाही. कडुलिंबाच्या फांद्यांना झोके बांधतात. पुरुष पत्ते कुटत बसतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. घरात नवी घागर पाण्याने भरायची, तिच्या तोंडावर खरबूज आणि आंबा ठेवायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं, एवढाच अर्थ मला त्यात दिसतो आणि तो मला पुरतो. घागरीवर आंबा ठेवल्याशिवाय आमच्या घरात कोणी आंबा तोंडाला लावत नाही.

या दिवसांचा वास मी डोळे मिटून ओळखीन. गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे मोठे पापड, त्यांचा आंबूस, शिजलेल्या पिठाचा वास. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास. कुठल्या तरी घरात पुरणाची डाळ शिजतेय तो. जळगावला आमच्या घरी माझी आई उपडं खापर चुलीवर ठेवून त्यावर मांडे भाजायची. मांडा म्हणजे हातांवर फिरवत मोठी केलेली, रुमालासारखी पातळ पुरणपोळी. माझ्या आत्या, मोठ्या बहिणी, सगळ्या माहेरवाशिणी ओळीने जेवायला बसायच्या. आई वाढत असायची. तिला त्या दिवशी जेवताना पाहिल्याचं मला आठवत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत लाल झालेले तिचे हात तेवढे आठवतात. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, मी पुढे इंग्रजी शिकवू लागले, पण सण कसा करायचा हे मात्र मी त्या लाल हातांकडून शिकले.

त्यात मी माझी शिस्त मिसळली. सणाच्या आधी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी वेळापत्रक लावायचे. सकाळी काय, दुपारी काय, कोण काय आणणार. तुमचे आजोबा दारातून डोकावून विचारायचे, "पहिली घंटा झाली का? मी वर्गाबाहेर उभा राहू?" मला हसायलाही वेळ नसायचा.

आता अक्कांबद्दल. अक्का म्हणजे आजोबांची, त्यांच्या बापूची, थोरली बहीण. तुम्ही त्यांना लहानपणी भेटला आहात. ओम, त्यांच्या मांडीवर बसून तू केळ्याचे वेफर्स खाल्ले होतेस. जन्म धुळ्याजवळच्या खेड्यातला, सासर मुक्ताईनगरकडे, केळीच्या बागांमधलं. इतकी वर्षं तिकडे राहूनही त्यांनी आपली अहिराणी सोडलेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सुनेने नोकरी करावी की नाही यावर घरात रोज काहीतरी कुजबुज व्हायची. अक्का माहेरपणाला आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जाय, तुनी शाळा शे ना? पोऱ्या वाट देखत व्हतीन." शाळा आहे ना तुझी, पोरं वाट पाहत असतील, जा. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. माझी सगळी नोकरी त्या एका वाक्यावर उभी आहे, असं मी तुमच्या आजोबांना नेहमी म्हणायचे.

दर आखाजीला अक्का एसटीने यायच्या. भुसावळच्या अलीकडे दीपनगरच्या विजेच्या कारखान्याच्या उंच चिमण्या मागे पडल्या की बसमधून फोन करायच्या, "मास्तरीण, चिमण्या मांगे पडन्यात!" मला त्या कायम मास्तरीणच म्हणतात. मग मी वेळापत्रकाकडे बघून डाळ कुकरला लावायचे.

तीन आखाज्यांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, तुमचे आजोबा गेले. तुमचे बाबा आले, सगळं केलं आणि सुट्टी संपल्यावर परतले. परतावंच लागणार होतं. घर फार मोठं वाटायला लागलं होतं. मग चैत्र संपत आला आणि गावाकडून नानांचा फोन आला. नाना म्हणजे आजोबांचे चुलतभाऊ, मनाने चांगले, पण सगळ्यांच्या वतीने ठरवून मोकळे होणारे.

"वहिनी, यंदा बापूची घागर गावाकडेच भरू. तुम्ही एकट्या कुठे करत बसता? मुलगा तिकडे. आणि बाईमाणसानं घागर भरायची नसते."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. नानांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण मला एकच गोष्ट दिसायला लागली. माहेर भावाचं असतं. भाऊ गेला, आता घागरही या घरातून गेली, तर अक्का इथे कशासाठी येतील? गावातलं ते घर त्यांच्या चुलतभावाचं, तिथे त्या पाहुण्या. म्हणजे या वयात त्यांचं माहेर संपणार, आणि ते माझ्या हातून संपणार. ज्या बाईने मला शाळेत पाठवलं, तिचं.

मग मी मला येत होतं तेच केलं. कामाला लागले. अक्कांना हे घर पहिल्यासारखंच वाटलं पाहिजे, नव्हे, पहिल्यापेक्षा भरलेलं वाटलं पाहिजे. बिबडे केले. कुरडया केल्या. सांजोऱ्या तळल्या. त्या उन्हात तळणीपुढे उभी राहून घाम डोळ्यांत जायचा आणि बरं वाटायचं, कारण मग दुसरं काही डोळ्यांतून आलं तरी कळत नव्हतं. घागर लवकर आणली आणि ती साधी कशी ठेवायची, आजोबांची पहिलीच घागर, म्हणून ऑइलपेंट आणून तिच्यावर वेलबुट्टी काढली. आधी सगळ्या अंगाला पिवळा रंग, त्यावर हिरवी पानं. दोनदा हात दिला. माझ्या चित्रकलेला शाळेत नेहमीच मान होता.

सगळं तयार झाल्यावर मी अक्कांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा नातू फोन धरून देतो. मी कॅमेरा फिरवून एकेक डबा दाखवला. हे बिबडे, या कुरडया, या सांजोऱ्या, हा गूळ, ही डाळ. अक्कांनी सगळं बघून घेतलं. "हां," म्हणाल्या, "देखं." मला वाटलं, गहिवरल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मास्तरीण, मी यंदा नही येत."

मी खुर्चीत बसले. कारण विचारायचीही हिंमत झाली नाही. ज्याची भीती होती तेच झालं होतं. दुपारी मी न जेवता नुसती डब्यांकडे बघत होते. शेवटी मनाशी म्हटलं, निदान तोंडाने तरी विचारून घ्यावं. मी फोन लावला.

"अक्का, भाऊ राहिला नाही म्हणून का?"

"भाऊ नही ते नही," त्या म्हणाल्या. "भावजाई शे ना?"

"मग?"

 त्या म्हणाल्या, "तू रागावशील. पन सांगस. मी दर आखाजीले येस आणि तुनी पाठच देखस. तोंड चुल्हाकडे, पाठ मनाकडे. बापू व्हता तवय बोलाले कोनी ते व्हतं. आते काय पाठसंगे बोलू?"

खरंच होतं. दर आखाजीला त्यांना माझी पाठच दिसायची. माझी पाठ, माझा पदर खोचलेला, माझं "आलेच हं अक्का" आणि मग भांड्यांचा आवाज. त्या आणि त्यांचा भाऊ बाहेरच्या खोलीत बोलत बसायचे. आता ती बाहेरची खोली रिकामी होती, आणि मी तिच्यासाठी डबे भरत होते.

"मग काय करू मी?" मी विचारलं. खरंच विचारलं, विद्यार्थ्याने विचारावं तसं.

"काही नको करू. घागर भर. रस कर. बठ्ठं बाकीनं सोडी दे. आणखी काही करेल दिसनं ते आल्या पावली परत जासू. देख मंग."

"आणि मांडे?"

"इकत आन!" त्या ओरडल्या. "पैसा काय वरती लई जावाना शेतस?"

इरा, त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात नीट आठवतात. काहीच न करण्याचे दिवस. पहिल्या सकाळी हात आपोआप परातीकडे गेले आणि मी ते मागे घेतले. शेजारच्या कुसुमताईंकडे निम्मे बिबडे आणि सगळ्या सांजोऱ्या नेऊन दिल्या. त्या दारात उभ्या राहून बघतच राहिल्या. "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?" म्हणाल्या. गल्लीच्या टोकाला एक बाई ऑर्डरवर मांडे करून देते, तिला फोनवर सांगून टाकलं. एक मिनिटाचं काम. इतकी वर्षं मी ज्यासाठी पहाटे उठत होते ते एका मिनिटात झालं आणि छप्पर काही कोसळलं नाही.

दुपारी पडदे ओढले, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारलं, गार फरशीवर चटई टाकली आणि आडवी झाले. किती दिवसांनी झोप लागली. आजोबा गेल्यानंतर मी दुपारी डोळा मिटलाच नव्हता. सतत काहीतरी करत होते. उठले तेव्हा उशी ओली होती. झोपेतच रडले असणार. वाईट नाही वाटलं. तोंड धुतलं, चहा केला, एकच कप, आणि तो गार व्हायच्या आत प्यायले.

आखाजीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. "मास्तरीण, चिमण्या मांगे पडन्यात!" सवयीने मी उठले. मग आठवलं, यंदा डाळ लावायचीच नाही. पुन्हा बसले. त्या येईपर्यंतचा सगळा वेळ मी दाराजवळच्या खुर्चीत बसून वाट बघण्यात घालवला. वाट बघणं हे कधी स्वतंत्र काम म्हणून मी केलंच नव्हतं. रिक्षा थांबली तेव्हा मी फाटकात होते. अक्कांनी मला बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आज तोंड दिसनं वं माय तुनं!"

आत येऊन त्यांनी आधी स्वयंपाकघराची झडती घेतली. झाकणं उघडून बघितली. समाधान झालं. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या घागरीवर गेली.

"हे काय शे?"

"घागर. मी रंगवलीय."

अक्कांनी तिच्यावर बोट फिरवलं. मग टिचकी मारली. मग त्या हसायला लागल्या, इतक्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. "मास्तरीण, इले घाम कसा ई? तू तिले रेनकोट घाली दिधा!"

रंगाच्या थरातून पाणी पाझरणार कसं, आणि पाझरलं नाही तर गार होणार कसं? मी विज्ञानाच्या शिक्षिकेच्या शेजारी वर्षानुवर्षं डबा खाल्ला आहे, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्या भावाला यातलं कोमट पाणी पाजणार होते का मी, असं त्या म्हणाल्या आणि मीही हसायला लागले. या घरात महिनोन्महिने कोणी हसलं नव्हतं. ऊन उतरल्यावर आम्ही दोघी हळूहळू रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि एक साधी घागर घेऊन आलो. पिवळी घागर अजून अंगणात आहे. तिच्यात तुळस फार छान वाढते.

सकाळी घागर पुजायला बसणार तेवढ्यात नानांचा फोन. मी स्पीकरवर टाकला. "वहिनी, मी गाडी पाठवतो, या दोघी इकडे. इथेच करून घेऊ."

मी काही बोलायच्या आत अक्कांनी फोन ओढून घेतला. "नान्या, तू तुनी घागर भर. बापूनी आठे भरस. मी बहीन शे त्यानी, कोनी परकी नही."

"तसं नाही अक्का, पण रीत..."

"रीत? मी तुनापेक्षा जादा आखाज्या देखेल शेत. ठेव फोन. आणि दुपारले रस खावाले ये, ये का!"

नाना दुपारी आले. मुकाट्याने रस खाल्ला, दोन वाट्या. घागरीला नमस्कार केला आणि जाताना म्हणाले, "पाणी छान गार आहे वहिनी." तो विषय तिथे मिटला.

घागर आम्ही दोघींनी मिळून भरली. अक्कांनी तांब्या धरला, मी घागर. सासऱ्यांचं नाव झालं, सासूबाईंचं झालं, आणि मग त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. त्यांना ते नाव घेववत नव्हतं. मी घेतलं. त्यांच्या बापूचं, तुमच्या आजोबांचं, पूर्ण नाव, हजेरी घेताना मोठ्याने घेतात तसं. मग अक्कांनी पाणी ओतलं. निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास ठेवला, त्याला आमच्याकडे आगारी म्हणतात. तो चुरचुरला, धूर झाला, आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. धुरामुळे, असं आम्ही दोघी धरून चाललो.

मग जेवलो. दोघी एकाच वेळी, समोरासमोर. विकतचे मांडे एका बाजूला फाटले होते. रस थोडा आंबट होता. इतक्या आखाज्यांत मी पहिल्यांदा गरम जेवले.

आणि दुपारी, कूलरपुढे चटईवर पडल्या पडल्या, अक्का बोलायला लागल्या. बापू लहान होता तेव्हाची गोष्ट. आखाजीच्या दिवशी त्याला आंब्याचा धीर निघेना. घागरीवरचा आंबा त्याने हळूच उचलला, देठाकडून चोखून रिकामा केला, कोयही काढून खिशात टाकली, आणि मग तोंड लावून फुंकर मारून तो पुन्हा टम्म फुगवला आणि घागरीवर ठेवून दिला. "आमना बाप त्या हवाले पाया पडना!" अक्का म्हणाल्या. त्यांचे वडील हात जोडून त्या हवेला नमस्कार करत होते, मागे बहीण-भाऊ तोंड दाबून उभे.

मी इतकी वर्षं त्या माणसाबरोबर संसार केला आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. दर आखाजीला ती बाहेरच्या खोलीत सांगितली जात असणार. मी आत पुरण वाटत होते.

तेव्हा हे तुमच्या आईसाठी लिहिते आहे का? नाही, आणि इरा, तू हे तिला वाचून दाखवू नकोस. दमलेल्या माणसाला कोणी सल्ला दिला की तो आणखी दमतो. शिवाय तिच्या हातात काय काय असतं ते मला माहीत आहे. ती करते ते तुमच्यावरच्या मायेनेच करते, मीही तसंच करत होते. तू एवढंच कर, पुढच्या वेळी तिची पाठ दिसली की तिथेच, ओट्याजवळ, एक स्टूल ओढून बस. मटार सोल. काही विचारू नकोस, शाळेतलं काहीतरी सांग. ती वळेल. ओम, तू पाहुण्यांना आधीच कळवून टाक की घरी एकच पदार्थ होणार आहे आणि बाकीचं त्यांनी आणायचं आहे. लोकांना उलट बरं वाटतं. मला भीती वाटायची की लोक नावं ठेवतील. कुसुमताईंनी फक्त एक केलं, पुढच्या वर्षी त्यांनीही मांडे बाहेरून मागवले.

मी आता दर सणाला स्वतःला एकच विचारते, हा सण कशासाठी आहे? आखाजी पाण्यासाठी आहे, आणि माहेरी आलेल्या बाईसाठी आहे. तेवढं मी स्वतःच्या हाताने करते. उरलेलं विकत मिळतं, मागून मिळतं, किंवा राहून जातं. राहून गेलेलं काय होतं ते संध्याकाळपर्यंत कोणाला आठवतही नाही. दुपारची झोप मी सणाचाच भाग धरते. फोन कपाटात ठेवते. भिंतीवर वेळापत्रक लावत नाही. कधी कधी त्या रिकाम्या भिंतीकडे बघून हात शिवशिवतात, ते खोटं कशाला सांगू, पण मग मी चहा करते.

अक्कांचे गुडघे आता एसटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत. नातू गाडीने आणून सोडतो. कधी ऐकू कमी येतं, कधी एकच गोष्ट दोनदा सांगतात, आणि मी दोन्ही वेळा ऐकते. काल फोनवर त्यांनी विचारलं, "काही करी ते नही रायनी ना?" मी म्हटलं, "काही नाही, अक्का. बसले आहे."

घागर अजून याच घरात भरते. अक्का अजून येतात. त्यांचं माहेर अजून आहे.

तुमची,
आजी